वाचताना अडलेल्या शब्दाचा अर्थ आपला आपण कसा काढायचा

वाचताना शब्द अडला की हल्ली हात आधी मोबाईलकडं जातो. शब्द टाइप करायचा, वर आलेला पहिला अर्थ उचलायचा आणि पुढं जायचं. मोबाईल वापरू नका असं मी म्हणत नाही, मी पण वापरतो, पण त्याच्या आधी दोन मिनिटं त्या वाक्याकडं नीट बघा. खूप वेळा अर्थ त्याच ओळीत नाहीतर पुढच्या ओळीत असतो, आणि मोबाईलवर आलेल्या चार अर्थांपैकी इथं कुठला लागू पडतो हे ठरवायला शेवटी त्या वाक्याकडंच परत यावं लागतं.

सोलापूरच्या माणसाला तर ही सवय जन्मापासून असते. पूर्व भागात एखाद्या दुकानात उभं राहून बघा, मालक आतल्या माणसाशी तेलुगूत बोलतोय, बाहेर माल उतरवणाऱ्याशी कन्नडात, शेजाऱ्याशी उर्दू-हिंदीत आणि आपल्याशी मराठीत. आपल्याला सगळ्या भाषा येत नसतात, तरी काय चाललंय ते बऱ्यापैकी कळतं, कारण आपण हातवारे बघतो, वस्तू बघतो, आवाज चढलाय का ते बघतो. कागदावर हातवारे नसतात, बाकी काम तेच. म्हणून ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड आहे आणि शाळा मराठी आहे अशा मुलांना "तुमचं मराठी कच्चं" म्हणून गप्प बसवतात ना, ते मला अजिबात पटत नाही. अंदाजानं अर्थ लावायची त्यांना जितकी सवय असते तितकी एकभाषी घरातल्या पोरांना नसते, फक्त ती सवय पुस्तकाकडं वळवून द्यायची असते. ती कशी, ते पायरी पायरीनं सांगतो.

आधी पुस्तक पेलतंय का ते बघा

अंदाज लावायला आजूबाजूचे शब्द तरी माहीत पाहिजेत. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषेचे मोठे अभ्यासक आहेत, इंग्रजी शिकणाऱ्यांवर त्यांनी जे काम केलं त्यात असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला १०० पैकी साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात. ते काम इंग्रजीचं आहे पण मराठी वाचणाऱ्यालाही अंदाज घ्यायला उपयोगी आहे. पुस्तकाच्या एका पानावर साधारण २५० शब्द धरले तर पाच अनोळखी शब्द म्हणजे ठीक, मजा येईल. पंधरा-वीस निघाले तर ते पुस्तक वाईट नाही आणि तुम्ही पण कमी नाही, फक्त ते सहा महिन्यांनी घ्या किंवा कुणाबरोबर बसून वाचा.

पहिलं काम: थांबू नका

शब्द अडला की त्याच्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारा आणि परिच्छेद संपेपर्यंत वाचत जा. लायब्ररीचं पुस्तक असेल तर रेघ मारू नका, कागदाच्या कपट्यावर पान नंबर आणि शब्द लिहा. परिच्छेद संपला की स्वतःला एकच विचारा, हा शब्द न कळता माझं काही अडलं का? एखाद्या कथेत लग्नाला निघालेल्या बाईच्या अंगावर गोट, पाटल्या, वाकी, बुगडी असं सगळं लिहिलेलं असतं. यातलं वाकी म्हणजे नक्की काय हे माहीत नसलं तरी दागिना आहे एवढं कळलं की पुष्कळ झालं, लेखकाला घरची श्रीमंती दाखवायची होती ती दिसली. पण पुढं त्याच वाकीवरून भांडण होणार असेल, ती गहाण पडणार असेल, तर मग ती दंडात घालायची असते की पायात हे कळलंच पाहिजे (दंडात घालतात). म्हणजे सगळ्या शब्दांवर सारखा वेळ घालवायचा नाही.

दुसरं काम: शब्दाचे कपडे काढा

मराठी शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात येतो. त्याला ला, ने, चा, त, वर असं काहीतरी चिकटतं आणि ते चिकटायच्या आधी शब्द स्वतः पण बदलतो. म्हणून "वाफ्यात" वाचलं तर "वाफ्या" शोधू नका, मूळ शब्द वाफा. "वैरणीच्या" चं मूळ वैरण. "माळव्याची" चं मूळ माळवं, आपल्याकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात, शहरातल्या पोरांना आता हा शब्द आईच्या माहेरीच ऐकायला मिळतो. क्रियापद असेल तर शेवटचं ऊन, ता, लं काढून णे लावून बघा, "उपसून" चं उपसणे.

इथं एक गंमत आहे ती नीट समजून घ्या. "दाव्याला" हा शब्द बघा. याचं मूळ दावा पण असू शकतं आणि दावं पण. "दाव्याला उत्तर दिलं" म्हणजे कोर्टातला दावा, "दाव्याला हिसका दिला" म्हणजे गाय बांधलेली दोरी. कपडे काढताना दोन्ही मूळ रूपं डोळ्यासमोर आणायची आणि मग वाक्य काय म्हणतंय ते बघायचं.

तिसरं काम: तो शब्द वाक्यात कुठलं काम करतोय

व्याकरणाचा तास नाही घेत, पण एवढं बघाच की हे कशाचं तरी नाव आहे, की क्रिया आहे, की कुणाचं तरी वर्णन आहे. मराठीत याला लिंगाची मोठी मदत होते आणि आपण ती फुकट घालवतो. तो माळ आणि ती माळ. "समोर उघडा माळ पसरला होता" यात पसरला आहे, उघडा आहे, म्हणजे तो माळ, म्हणजे खडकाळ गवताळ रान. "माळ तुटली" म्हणजे ती माळ, गळ्यातली. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक आठवला की तो माळ कायमचा लक्षात राहतो, माळावर राहणारा पक्षी. तसंच पात आणि पातं. "खुरपताना तिची पात मागंच राहिली" हे वाचून बरेच जण खुरप्याचं पातं समजतात. पण "तिची पात", "राहिली", म्हणजे ती पात, स्त्रीलिंगी. खुरपणीला बायका ओळीनं बसतात तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती पात. म्हणजे ती बाई मागं पडली, थकलेली आहे किंवा आजारी आहे, आणि लेखकानं ते सरळ न सांगता पातेवरून सांगितलं. पातं समजलात तर ही सगळी गोष्टच हातातून गेली.

चौथं काम: आजूबाजूला पुरावा शोधा

हे सगळ्यात मोठं काम. एक वाक्य घेऊन करून बघू, असं समजा की एका ग्रामीण कथेत हे आलंय:

"खळं सारवून वाळलं तशी आण्णानं मधोमध तिवडा रोवला, बैलं त्याला जुंपली, आणि दिवस कलेपर्यंत बैलं गोल गोल फिरत राहिली."

तिवडा माहीत नाही असं धरा. आता पुरावे बघा. "रोवला", म्हणजे जमिनीत घुसवायची वस्तू आहे, उभी राहणारी. "मधोमध", म्हणजे खळ्याच्या मध्यभागी. "त्याला जुंपली", म्हणजे बैलाचा ओढा सहन करेल इतकी भक्कम. "गोल गोल फिरत", म्हणजे ती वस्तू मध्ये आणि बैलं भोवती. झालं की, मळणीच्या खळ्यात मध्ये पुरलेला खांब. डिक्शनरी उघडायची गरजच पडली नाही, आणि खळं कसं चालायचं तेही दिसलं. आता मळणीयंत्रं आल्यावर ज्वारीच्या पट्ट्यात सुद्धा तिवडा बघितलेली पोरं कमी आहेत, म्हणजे हा शब्द कळायचा तर असाच वाक्यातून कळणार.

पुरावा देणारे काही शब्द ठरलेले असतात, त्यांच्यावर नजर ठेवा. म्हणजे, अर्थात, म्हणजेच हे आले की लेखक स्वतःच अर्थ सांगतोय. पण, मात्र, उलट, याउलट आले की अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाच्या विरुद्ध असतो, "थोरला मोठा उधळ्या, धाकटा मात्र कवडीचुंबक" यात उधळ्या माहीत असला तर कवडीचुंबक आपोआप कळतो. कारण, म्हणून, त्यामुळं आले की एकावरून दुसरं काढता येतं. वगैरे, इत्यादी, असली यांच्या आधी यादी असते आणि यादीतले दोन कळले की तिसरा त्यांचाच भाऊबंद.

कधीकधी वाक्य काहीच मदत करत नाही हे पण मान्य करा. "त्यानं धोटा उचलला आणि बाजूला ठेवला" यावरून धोटा म्हणजे काय कुणालाच कळणार नाही. पण पुढच्या ओळीत माग थांबल्याचं आलं, सूत तुटल्याचं आलं, तर मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारी वस्तू ही, एवढं लागतं. अशा वेळी वाक्य सोडून पानाकडं बघायचं. चादरीच्या गावात राहून आपल्यालाच धोटा माहीत नाही असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, घरात कुणी मागावर काम केलेलं असेल तर त्यांना विचारा, खळ म्हणजे काय, कांडी म्हणजे काय, सगळं हातानं दाखवून सांगतील.

जोडशब्द, मराठीची आपली खास सोय

मराठीत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून बोलायची पद्धत आहे. धनदौलत, रीतिरिवाज, कागदपत्र, बाजारहाट, अक्कलहुशारी, मोलमजुरी. यातला एक माहीत असला की दुसरा फुकटात मिळतो. हाट म्हणजे काय? बाजारच. रिवाज म्हणजे रीतच. बऱ्याचदा यातला एक शब्द संस्कृत-मराठीकडचा आणि दुसरा फारसी-अरबीकडचा असतो, शेजारी शेजारी दोन्ही बोलणारी माणसं राहत होती म्हणून अशा जोड्या जमल्या असं मला वाटतं, निदान सोलापुरात राहून तरी तसंच वाटतं. मात्र सगळ्या जोड्या अशा नसतात, "कपडेबिपडे" मधल्या बिपड्यांना अर्थ नाही, आणि "देवाणघेवाण" मध्ये दोन शब्द उलट अर्थाचे आहेत.

पाचवं काम: शब्द फोडा

लांबलचक शब्द बघून घाबरायचं नाही, लांब शब्द उलट सोपा असतो कारण त्याचे तुकडे पडतात. आपल्या जिल्ह्याच्या बातम्यांत "अवर्षणप्रवण" हा शब्द कायम असतो. वर्षण म्हणजे पाऊस पडणं, अ म्हणजे नाही, प्रवण म्हणजे त्या बाजूला झुकलेलं. पाऊस न पडण्याकडं कल असलेला भाग. हायवेवर "अपघातप्रवण क्षेत्र" पाटी दिसते त्यातला प्रवण तोच. दुष्काळ तर रोजचा शब्द, दुः आणि काळ, वाईट काळ. त्याचाच जुना भाऊ दुर्भिक्ष, दुः आणि भिक्षा, म्हणजे भीक सुद्धा मिळायची मारामार. हा शब्द एकदा फोडून बघितला की विसरत नाही.

संस्कृतकडचे तुकडे थोडेच आहेत पण चेहरा बदलून येतात हे ध्यानात ठेवा. निः हा तुकडा निर्जल, निष्फळ, निस्तेज, नीरस अशा चार रूपांत येतो, काम एकच, "विना". स म्हणजे सह, म्हणून सकुटुंब, सहर्ष, आणि सरकारी कागदावरचं "सानुग्रह अनुदान" पण तेच, स आणि अनुग्रह, कृपेनं दिलेलं. उत्तर म्हणजे प्रश्नाचं उत्तर एवढंच नाही, उत्तर म्हणजे नंतरचं पण. मरणोत्तर, स्वातंत्र्योत्तर, पदव्युत्तर म्हणजे पदवीनंतरचं. मग "कार्योत्तर मंजुरी" काय? काम आधी उरकलं, मंजुरी मागाहून घेतली.

फारसीकडचे तुकडे ऐतिहासिक कादंबऱ्या आणि बखरी वाचणाऱ्यांना लागतात. खाना म्हणजे जागा, दिवाणखाना, नगारखाना, मुदपाकखाना (स्वयंपाकघर), पीलखाना (हत्ती ठेवायची जागा). नीस म्हणजे लिहिणारा, म्हणून चिटणीस, फडणीस, वाकनीस हे सगळे लेखणीवाले, तलवारवाले नाहीत. बे म्हणजे विना, बेवारस, बेफिकीर, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडं द्राक्षं वाळवून करतात तो बेदाणा पण बे आणि दाणा, बी नसलेला.

आणि अस्सल घरचा तुकडा म्हणजे पोट. पोटभाडेकरू, पोटकलम, पोटजात, पोटनिवडणूक. मोठ्या गोष्टीच्या आतली छोटी गोष्ट किंवा मधेच येणारी. आता सातबारा काढा आणि "पोटखराब" बघा, तुमच्या गटाच्या आत जी जमीन लागवडीला चालत नाही ती, ओढा, खडक, असं. तसंच वारी हा शेपटाचा तुकडा, टक्केवारी, आकडेवारी, क्रमवारी, आणि दुष्काळाच्या बातमीतली आणेवारी किंवा पैसेवारी. पीक सोळा आणे आलं म्हणजे पूर्ण आलं, असा जुना हिशोब, आता पैशात मोजतात आणि पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की गावाला दुष्काळी सवलतींची आशा लागते. आषाढीची वारी मात्र वेगळी, तिथं हा तुकडा लावायचा नाही.

म्हणजे फोडताना सापळे असतातच. उपरणं मध्ये उप नाही, बेत आणि बेडूक मध्ये बे नाही, निर्माण मध्ये "विना" नाही. फोडलेला प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघा, उप काढल्यावर "रणं" उरतं, ते त्या वाक्यात कुठंच बसत नाही, मग फोड चुकली. आणि काही शब्द फोडून बरोबर निघतात पण लोक उलटे वापरतात. अपरोक्ष हा त्यातला पहिला नंबर. परोक्ष म्हणजे डोळ्याआड, अपरोक्ष म्हणजे डोळ्याआड नसलेलं, म्हणजे समक्ष. पण "माझ्या अपरोक्ष त्यानं निंदा केली" असं पाठीमागं या अर्थानं सर्रास लिहितात. अशा ठिकाणी शब्द काय म्हणतो आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय हे दोन्ही वेगवेगळं बघावं लागतं.

एक शब्द फोडला की त्याचं कुटुंब गोळा करा, त्यानं फार फायदा होतो. वर्त म्हणजे फिरणं: वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन. यातला एखादा अडला तर बाकीचे धावून येतात.

सहावं काम: कुठल्या दुनियेतला शब्द आहे ते ओळखा

पावसाळ्यात शेजारची नववीतली मुलगी पेपर घेऊन आली, "काका, दौंडमधून विसर्ग वाढला म्हणजे काय, विसर्ग म्हणजे ती दोन टिंबं ना?" प्रश्न एकदम बरोबर होता. व्याकरणात विसर्ग म्हणजे दोन टिंबं, धरणाच्या बातमीत विसर्ग म्हणजे सोडलेलं किंवा वाहून येणारं पाणी. दोघांच्या मुळाशी सोडणं आहे, विसर्जन, उत्सर्जन त्याच घरातले, व्याकरणातला विसर्ग म्हणजे पण श्वास सोडणंच. तिला हे सांगितल्यावर तिनं विसर्जन स्वतःच जोडलं, मी सांगायच्या आधी.

उजनी धरणाच्या बातम्या हा तर अख्खा धडा आहे. "उजनीतून आवर्तन सुटलं", इथं आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी द्यायची पाळी, अथर्वशीर्षाचं आवर्तन नाही आणि तबल्याचं पण नाही, फिरून येणं मात्र तिन्हीत आहे. "उजनी वजा ३० टक्के" वाचून बाहेरगावचा माणूस चक्रावतो, धरणात पाणी वजा कसं असेल? तर उजनीची एकूण क्षमता जवळपास ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातले ६३ टीएमसीच्या वर मृत साठा आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, त्यामुळं पाणी मृत साठ्यात उतरलं की आकडा वजा होतो. मृत म्हणजे मेलेलं पाणी नाही, नेहमीच्या दारांतून जे बाहेर काढता येत नाही ते. हे "मृत" कुठल्याच वाक्यावरून कळणार नाही, धरणाची दुनिया थोडी माहीत असावी लागते. म्हणून ज्या विषयाचं वाचताय त्याचे दहा-बारा शब्द आधी एकदा कुणाकडून समजून घ्या, शेती, कोर्ट, कापड, क्रिकेट, काहीही असो.

याच पायरीवर शेजारच्या भाषा मदत पण करतात आणि गंडवतात पण. अडकित्ता फोडायचा झाला तर मराठीत फुटत नाही, कन्नडात अडिके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री, लगेच फुटला. तूप आणि कन्नडातलं तुप्प तर सख्खेच. पण अवसर घ्या. मराठीत सवड, संधी. कन्नडात अवसर म्हणजे घाई. तेलुगूत अवसरम् म्हणजे गरज. एकाच वर्गात तीन घरची तीन मुलं हा शब्द वाचतील आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा अर्थ येईल, आणि तिघंही आपापल्या घरी बरोबर असतील. हिंदीचं पण तसंच, तिकडं चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडं टिंगल. तिकडं यातायात म्हणजे वाहतूक, आपल्याकडं दगदग. ओळखीचा दिसणारा शब्द वाक्यात विचित्र वाटला की हा संशय घ्यायचा.

सातवं काम: अंदाज घालून वाक्य परत वाचा

ही पायरी लोक सोडतात. तुम्ही काढलेला अर्थ शब्दाच्या जागी ठेवा आणि वाक्य मोठ्यानं वाचा. मग पुढची दोन वाक्यं पण. उदाहरणार्थ "काही झालं तरी त्यांनी त्या रानाची वहिवाट सोडली नाही." वाट दिसते म्हणून पहिला अंदाज रस्ता. "रानाचा रस्ता सोडला नाही", बसतंय तसं. पुढचं वाक्य "तीन पिढ्या तेच रान कसत होते, खातं मात्र दुसऱ्याच्या नावावर." आता रस्ता बसतो का? नाही. कसत होते म्हणजे ताब्यात होतं, वापरात होतं. वहिवाट म्हणजे ताबा आणि वापर. पहिला अंदाज धरून बसू नका, तो बदलायला तयार असणं हीच यातली खरी हुशारी.

जिथं अंदाज चालत नाही त्या जागा पण सांगतो. औषधाची चिठ्ठी, कर्जाचे कागद, खरेदीखत, कोर्टाची नोटीस. अनशापोटी म्हणजे उपाशीपोटी हे अनशन वरून तुम्ही ओळखाल, तरी डॉक्टरला किंवा मेडिकलवाल्याला विचाराच. नजरगहाण आणि ताबेगहाण यात पुढचा तुकडाच काय तो वेगळा, पण एकात जमीन तुमच्याकडं राहते आणि दुसऱ्यात सावकाराच्या ताब्यात जाते. इथं अंदाज लावायचा तो फक्त काय विचारायचं हे कळण्यासाठी, सही करण्यासाठी नाही.

मग शब्दकोश

अंदाज लिहून ठेवा आणि मग शब्दकोश उघडा. मराठीचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात भागांत निघाला, गावाकडचे, धंद्यातले शब्द त्यात भरपूर सापडतात. मोल्सवर्थचा कोश त्याच्याही आधीचा, १८३१ चा, १८५७ ला दुसरी आवृत्ती, अर्थ इंग्रजीत दिलेत पण जुने व्यवहारातले शब्द असे पकडलेत की थक्क व्हायला होतं. बखरी, मोडीतली पत्रं वाचणाऱ्यांसाठी माधवराव पटवर्धन म्हणजे माधव ज्युलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश. दाते-कर्वे आणि मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, आणि बृहद्कोश नावाच्या साइटवर एकदा शब्द टाकला की बरेच कोश एकदम दिसतात. सरकारी शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत.

शोधताना अडचण येते ती स्पेलिंगची. जुन्या पुस्तकांत नांव, कांहीं, पांच अशी उच्चार नसलेली टिंबं असतात, १९६२ च्या लेखन नियमांनी ती गेली. म्हणून जुन्या पुस्तकातला शब्द नव्या कोशात सापडला नाही तर टिंब काढून बघा, आणि आजचा शब्द जुन्या कोशात सापडला नाही तर टिंब घालून बघा, क्रियापदाला शेवटी "णें" लावून बघा. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज मध्येच, दोन्हीकडं बघा. अर्थाच्या आधी पु., स्त्री., न. असतं ते लिंग, कंसात सं., फा., अर., का. असतं ते शब्द कुठून आला ते (का. म्हणजे कानडी, आपल्या भागाला हे फार सापडतं), आणि ल. म्हणजे लाक्षणिक, शब्दशः नाही. चार अर्थ दिलेले असतील तर पहिला उचलू नका, चारही तुमच्या वाक्यात घालून बघा, सातव्या पायरीसारखंच.

वहीत काय लिहायचं

शब्द आणि समोर अर्थ अशी यादी करू नका, ती परीक्षेच्या वहीसारखी पडून राहते. शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा, खाली तुमचा पहिला अंदाज, कशावरून लावला ते दोन शब्दांत, मग कोशातला अर्थ, आणि त्याच्या कुटुंबातले एक-दोन शब्द. तिवडा लिहिताना खळं, मळणी, कडबा पण शेजारी येऊ द्या. लहान मुलांना तर वहीच्या आधी माणसांकडं पाठवा. मंगळवेढ्याकडच्या आज्जीला कुळव आणि तिफण यातला फरक विचारला तर ती अंगणात काडीनं आखून दाखवेल. मुलगा कन्नड घरातला असेल तर समोरच्या पानावर घरी तीच वस्तू काय म्हणतात ते पण लिहायला सांगा. आठवड्यातून एकदा वहीतलं एखादं पान उघडायचं, खालचा अर्थ हातानं झाकायचा, फक्त वाक्य वाचायचं आणि अर्थ परत काढायचा.